इशापूर १९४३: गंजलेली नळी आणि न फिरवलेला बोल्ट

हे प्रकरण टेक्सासमधल्या ह्यूस्टनचं आहे, पण त्यातली रायफल आपल्याकडची. हुगळीकाठच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात १९४३ साली बनलेली ली-एन्फील्ड, नंबर १ मार्क ३ स्टार, बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, .३०३ इंच. दस्त्याच्या मानेला जो लोखंडी पट्टा असतो त्यावर मुकुट, खाली ‘जीआरआय’ (राजा-सम्राट जॉर्जची लॅटिन आद्याक्षरं), मग इशापूरचं नाव आणि साल. स्वातंत्र्यानंतर बनलेल्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. ब्रिटिशांनी महायुद्धात नंबर ४ ही नवी रायफल घेतली, पण इशापूरनं ती कधीच बनवली नाही. तिथे जुनी नंबर १ च चालू राहिली, म्हणून आपल्या सैन्यात, पोलिसांत आणि एनसीसीत तीच जास्त दिसत आली. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटी स्टेशनवरच्या पोलिसांच्या हातातही .३०३ च होती.

मालक साताऱ्याकडचा, चाळिशीच्या आतला, पाइपलाइनचं काम करणारा इंजिनीअर. कॉलेजात एनसीसीच्या परेडला त्यानं हीच रायफल खांद्यावर वागवली होती. ती होती डीपी, म्हणजे फक्त कवायतीची. तिच्यात गोळी घालायचीच नसते. भारतात .३०३ हा सामान्य परवान्यावर मिळणारा बोअर नाही. हौशी माणसाला त्याच घडणीची .३१५ स्पोर्टिंग रायफल घ्यावी लागते. टेक्सासमध्ये तो प्रश्न नव्हता. त्यानं रीतसर कागदपत्रं करून एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून ही रायफल घेतली. सोबत कापडी पट्ट्यात भरलेली काडतुसं आली, पाच कप्पे, प्रत्येकात दहा. काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’. हे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं चिन्ह. तो कारखाना १८६९ पासूनचा आहे.

माझ्याकडे तो तीन तक्रारी घेऊन आला. नळी आतून तांबूस झाली होती, तीही नेमबाजीनंतर तेल लावून ठेवली असताना. दहाबारा गोळ्या झाल्या आणि रायफल तापली की बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, मागेपुढे सरकणारा भाग) उघडताना अडत होता, तळहातानं ठोकावा लागत होता. आणि दस्ता त्याला आखूड पडत होता. तिसऱ्या तक्रारीवर त्यानं उपाय शोधून ठेवला होता: लांब दस्ता विकत आणला होता आणि एक हातभर लांब पेचकससुद्धा.

“काका, दस्ता मी रात्रीच बदलणार होतो. मागच्या झडपेतून पेचकस घालायचा आणि आतला बोल्ट फिरवायचा, एवढंच काम आहे ना?”

तेवढंच नव्हतं. पण ते ओघानं येईल.

आधी काय पाहिलं

जुन्या लष्करी रायफलीला हात लावताना पहिली गोष्ट ती रिकामी असल्याची खात्री. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, बोल्ट मागे घ्यायचा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्यानं बघायचं आणि मग करंगळीनं चाचपायचं. डोळा आणि बोट दोन्ही. अंधाऱ्या नळीत पितळ नेहमी दिसतंच असं नाही.

मग आकडे. रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ती पोलादी चौकट, तिच्यावरचा क्रमांक आणि बोल्टच्या दांड्याच्या मागे कोरलेला क्रमांक सारखा आहे का? ह्या रायफलीत सारखा होता. नसता, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे असं धरून मोजमाप होईपर्यंत एकही गोळी झाडायची नाही. नोज कॅप (नळीच्या तोंडाशी असलेलं लोखंडी आवरण), मागचा साइट (नेम धरायची खाच) आणि पुढच्या लाकडावरचे क्रमांकही आम्ही टिपून घेतले. नळीवर बारीक अक्षरांत आयात करणाऱ्याचा शिक्का होता. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आलेल्या बंदुकांवर तो असतोच, त्यामुळे ही कुठल्याशा सरकारी गोदामातून जहाजानं आली हे कळलं. म्हणजे गंजू नये म्हणून ग्रीसमध्ये, घट्ट वंगणात, बुडवून आली असणार. तापल्यावर बोल्ट का अडतो ह्याचा अंदाज मला तिथेच आला.

खरं तर हे सगळं पहिल्या गोळीच्या आधी व्हायला हवं होतं. तपासून न घेतलेल्या, ऐंशी वर्षांच्या रायफलीतून गोळी झाडू नये. ह्यावर माझं मत ठाम आहे आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तेल लावूनही गंज का आला

ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथे होतं, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

खडकीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे फायरिंग पिन जिथे आदळते त्या छोट्या वाटीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. ते पेटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठच. जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ, आणि त्याच्याचसारखं हवेतलं पाणी ओढून घेणारं. गोळीमागून ह्या मिठाचा पातळ थर नळीभर बसतो. ह्यूस्टन समुद्राजवळ, हवा मुंबईसारखी दमट. त्या थराला पाणी मिळतं आणि पोलादाला गंज चढू लागतो.

मीठ तेलात विरघळत नाही. मालकानं नळीला भरपूर तेल लावलं, ते मिठाच्या थरावर जाऊन बसलं, आणि खाली मीठ आपलं काम करत राहिलं. दोनतीन दिवसांनी त्यानं पांढरी चिंधी घातली तर ती विटकरी रंगाची बाहेर आली.

मीठ काढतं ते पाणी. साधं, उकळतं पाणी. ब्रिटिश आणि हिंदी पलटणींत ह्यासाठी खास वाकडं नाळकं मिळायचं, चेंबरमध्ये बसणारं. बोल्ट काढून मागून किटलीभर उकळतं पाणी नळीतून सोडायचं. पाणी उकळतंच का, ह्याला कारण आहे. एक तर मीठ लवकर विरघळतं, आणि दुसरं म्हणजे नळी इतकी तापते की आतला ओलावा आपोआप उडून जातो. कोमट पाणी ओतलंत तर मीठ जाईल, पण पाणी राहील.

नेटवर बरेच लोक काच पुसायचं अमोनियाचं द्रावण सांगतात. अमोनियामुळे मीठ ‘मारलं जातं’ असं म्हणतात. त्या द्रावणात जे काम होतं ते पाण्यामुळे होतं. अमोनिया नळीत साठलेलं तांबं काढायला उपयोगी आहे, पण मिठाशी त्याचं देणंघेणं नाही.

आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये किटली ठेवली. नळीचं तोंड बादलीत, मागून नाळकं. पाणी ओतताना लाकडात जाणार नाही ह्याकडे लक्ष, कारण चेंबरमधून सांडलेलं पाणी थेट लाकूड आणि रिसीव्हरच्या सांध्यात शिरतं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं आलं, शेवटचं स्वच्छ. बोल्ट हेडचा, म्हणजे बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकाचा, पुढचा भागही त्याच पाण्यात धुतला. टोपीतला वायू तिथेही मागे येतो, आणि ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. मग कोरड्या चिंध्या, मग ब्राँझच्या ब्रशला सॉल्व्हंट लावून घासणं, परत चिंध्या, आणि शेवटी तेलाचा हलका हात.

गंज निघाला. खालचे खड्डे राहिले, ते राहणारच. पोलाद खाल्लं गेलं की परत येत नाही. पण पाचही पेच, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या, डावीकडे वळणाऱ्या खाचा, टोकापर्यंत नीट दिसत होते. ही नळी अजून चालणारी आहे.

नळी साफ करायचा गज नेहमी मागून घालायचा. ली-एन्फील्डचा बोल्ट निघतो, त्यामुळे पुढून घालण्याचं काही कारणच नाही. नळीच्या तोंडाची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती एका बाजूनं झिजली की गोळी तिरकी सुटते. सैनिकांच्या पुल-थ्रूनं हेच व्हायचं. पुल-थ्रू म्हणजे पितळी वजन बांधलेली दोरी, तिला तीन फासे: एक चिंधीचा, एक तारेच्या जाळीचा, एक अडकलेलं मागे ओढायचा. घाईत दोरी तिरकी ओढली की ती तोंडाच्या कडेला घासते, आणि वर्षानुवर्षं घासली की तिथे खाच पडते. त्यामुळे जुनी रायफल घेताना मी नळीचं तोंड भिंगातून बघतो. ह्या रायफलीचं तोंड गोल होतं. मालकाच्या एनसीसीच्या आठवणीत चार बाय दोन इंचांची चिंधी पक्की बसलेली होती. ते माप बरोबरच आहे: त्याहून मोठी घातली तर अडकते, लहान घातली तर पुसत नाही.

बोल्ट

नंबर १ चा बोल्ट काढायला हत्यार लागत नाही. सेफ्टी काढायची, बोल्ट पूर्ण मागे ओढायचा आणि बोल्ट हेड बोटानं वर उचलायचं. ते रिसीव्हरच्या उजव्या कडेवरून सुटून वर फिरतं आणि बोल्ट मागून बाहेर येतो. जोर थोडा लागतो, कारण तिथे स्प्रिंगची पकड आहे. पकडीनं ओढायचं मात्र नाही.

मग बोल्ट हेड उलटं फिरवून काढायचं, ते आट्यांवर बसलेलं असतं. परत लावताना ते पूर्ण आवळल्यावर बोल्टच्या कडेशी साधारण एका रेषेत थांबलं पाहिजे. फारच पुढे जात असेल तर आटे झिजलेत. इथे रेषेत थांबलं. नंबर ४ च्या बोल्ट हेडवर ०, १, २, ३ असे लांबीचे आकडे असतात. नंबर १ वर ते नसतात. ते शस्त्रागारातल्या माणसानं त्या त्या रायफलीसाठी बसवलेले असतात, म्हणून ‘चकचकीत दिसतं म्हणून’ दुसरं हेड लावणं धोक्याचं.

फायरिंग पिन काढायची की नाही ह्यावर आमचा थोडा वाद झाला. त्यासाठी आतून बसणारं खास हत्यार लागतं, आणि ताठ स्प्रिंग हाताळावी लागते. ते हत्यार त्याच्याकडे नव्हतं. दोन पेचकस वाकवून काम करता येईल असं त्याला वाटत होतं. मी नाही म्हटलं. बोल्ट बॉडी पुढून सॉल्व्हंटनं धुतली, उभी करून निथळू दिली, पिनेचं टोक गुळगुळीत आणि गोल आहे का ते बघितलं, तेलाचा थेंब सोडला. हत्यार आल्यावर पिन काढली आणि आत वाळलेल्या ग्रीसची पुटं निघाली, पण त्यानं काही बिघडलं नव्हतं. दोन पेचकसांनी पिनेचे आटे बिघडले असते.

दस्ता आणि तो बोल्ट

आता तिसरी तक्रार, जिच्यात ही रायफल कायमची मोडली असती.

ली-एन्फील्डचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागे दस्ता, पुढे फोरएंड, मध्ये रिसीव्हरचा लोखंडी पट्टा. दस्ता एका लांब बोल्टनं त्या पट्ट्यात आवळलेला असतो (हा आट्यांचा बोल्ट वेगळा, नळी बंद करणारा नव्हे). दस्त्याच्या पितळी पत्र्यात एक झडप आहे, जिच्यात तेलाची बाटली आणि पुल-थ्रू ठेवतात. त्याच भोकातून, आतली चामड्याची चकती काढून, लांब पेचकस घातला की त्या बोल्टचं डोकं मिळतं. बघणाऱ्याला वाटतं, फिरवला की दस्ता सुटला.

पण ह्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, आणि ते पट्ट्यातून पुढे येऊन फोरएंडच्या मागच्या टोकात बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या खाचेत अडकतं. हेतू साधा आहे: बोल्ट सैल होऊ नये. पुढचं लाकूडच त्याला धरून ठेवतं. आता फोरएंड जागेवर असताना तो बोल्ट मागून जोरात फिरवला, तर चौकोनी टोक खाचेत फिरू पाहतं आणि फोरएंडचं मागचं टोक आतून फाकवतं. कधी फट बाहेर दिसते, कधी दिसत नाही आणि गोळी झाडताना वाढत जाते. काही उशिरा बनलेल्या रायफलींत ही पट्टी नसते, पण बाहेरून ते कळत नाही. म्हणून ती आहेच असं धरून चालायचं. क्रम एकच: आधी फोरएंड, मग दस्ता. लावताना उलट: आधी दस्ता, टोकाचा चौकोन सरळ बसलाय ते बघायचं, मग फोरएंड.

मालकानं हे ऐकलं आणि पेचकस बाजूला ठेवला. मग विचारलं, “काका, मग हा जो पुढे आडवा स्क्रू आहे लाकडातून, तो कुणी मोडलेलं जोडायला घातलाय का?” प्रश्न चांगला होता. रिसीव्हरच्या किंचित पुढे, लाकडातून आरपार गेलेला स्क्रू हा बऱ्याच भारतीय रायफलींवर दिसतो. लाकूड फाटू नये म्हणून आपल्या लोकांनी तो घातला. न माहीत असलेला माणूस त्याला घरगुती डागडुजी समजतो आणि काढून टाकतो. तो काढायचा नाही.

फोरएंड काढण्याचा क्रम आम्ही त्याच्या वहीत फोटोंसकट लिहिला. मागच्या साइटची पट्टी उभी करून मागचा हँडगार्ड सरळ वर उचलायचा. हे लाकूड पातळ असतं आणि आतल्या स्प्रिंगच्या क्लिपनं नळीला धरलेलं असतं, एका कोपऱ्यातून उपटलं तर तडा ठरलेला. मग नोज कॅपचे पुढचा आणि आडवा असे दोन स्क्रू. नोज कॅप पुढे सरकते. मग लाकडाला बाहेरून वेढणारा पट्टा, मग आतल्या पट्ट्याचा स्क्रू आणि त्याची छोटी स्प्रिंग. शेवटी चापाच्या गार्डचे दोन स्क्रू. गार्ड आला की त्याच्यासोबत चापही येतो, कारण नंबर १ मध्ये चाप गार्डलाच टाचलेला असतो. म्हणूनच लाकूड आटलं किंवा फुगलं की चापाची ओढ बदलते. चाप जड लागतो म्हणून लोक कानस घेऊन बसतात, आणि दोष लाकडात असतो.

नोज कॅपचा आडवा स्क्रू सुटेना. पातळ खाचेचे हे जुने स्क्रू, आणि बाजारातल्या पेचकसाचं तोंड निमुळतं. जोर लावला की खाच फाटते. समांतर धारेचा, खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस घेतला, भेदक तेल टाकलं आणि रात्रभर सोडलं. सकाळी सुटला.

फोरएंड खाली ओढताना दोन्ही टोकं सारखी आली पाहिजेत. आणि खाली थाळी ठेवा. पुढच्या गार्ड स्क्रूभोवती एक छोटी पोलादी नळी असते आणि तोंडाजवळ लाकडात एक खुंटी व स्प्रिंग असते. दोन्ही घरंगळतात आणि दोन्हींवाचून रायफल नीट बसत नाही. ती पोलादी नळी नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड दबत जातं. खुंटी आणि स्प्रिंग नळीला वर रेटून ठेवतात, नेम त्यावर अवलंबून असतो.

लाकडाखाली

नळीच्या तळाला ग्रीस होतं, थिजलेल्या तुपासारखं, आणि त्याखाली ठिकठिकाणी जुना गंज, हाताला खरखरीत. बाकी धातूवर काळा रंग. असा रंग भारतीय शस्त्रागारांत दिलेला अनेक रायफलींवर सापडतो. मालकाला तो खरवडून मूळ पोलाद काढायचं होतं. मी विरोध केला. रंग खाली गंज लपवतो हे खरं, पण तोच रंग ह्या रायफलीचा इतिहासही आहे, आणि सैल झालेला तेवढाच भाग काढून तिथे तेल लावलं तर रायफलीचं आयुष्य कमी होत नाही. त्यानं ऐकलं. सैल भाग पितळेच्या तुकड्यानं काढला, तारेच्या ब्रशनं नाही.

ग्रीस काढायला मिनरल स्पिरिट, म्हणजे आपल्याकडे रंगवाले वापरतात तसलं टर्पेंटाइन. लाकडावर ते चिंधीनंच, भिजवायचं नाही. लाकडात मुरलेलं ग्रीस काढायला फोरएंड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेक्सासच्या उन्हात ठेवला, वर आलेलं ग्रीस पुसत गेलो, परत ठेवला. ओव्हन किंवा भांड्यांचं यंत्र ह्या कामाला वापरू नये, लाकूड वाकतं. सँडपेपर तर लावायचाच नाही. दस्त्याच्या वरच्या कडेला एक पुसट ‘एस’ होता. हे दस्ते चार लांबीचे यायचे, बॅन्टम, शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकानं, आणि त्यावर अक्षर असायचं. तो आखूड का वाटत होता ते तिथेच लिहिलं होतं. सँडपेपरनं ते गेलं असतं.

लाकूड कोरडं झाल्यावर अळशीचं कच्चं तेल, हातानं चोळून, पातळ. सैनिक हेच करत. एकदम जास्त लावलं तर ते चिकट राहतं आणि महिनोन्महिने वाळत नाही.

फोरएंडच्या मागच्या टोकाला आतून दोन कोपरे असतात, गोळीचा धक्का तिथून लाकडात जातो. डावा कोपरा तेल पिऊन मऊ झाला होता, नख रुतत होतं. उजवा ठीक. म्हणजे धक्का एकाच बाजूला जात होता. गोळ्या वर-खाली पसरतात असं तो म्हणत होता, त्याचं कारण हेच असण्याची दाट शक्यता. हे घरी दुरुस्त करण्याचं काम नाही: तिथे कडक लाकडाचा तुकडा बसवून तो रिसीव्हरशी जुळवावा लागतो.

अडणारा बोल्ट

चेंबर साफ करायला वेगळा, जाड ब्रश लागतो. नळीचा ब्रश तिथे पोकळीत फिरतो. टॉर्च आणि दंतवैद्याचा छोटा आरसा घेऊन बघितलं तर आत वाळलेल्या ग्रीसची पिवळसर पुटं होती. थंड असताना ती कडक, तापली की चिकट. काडतुसाचं पितळ त्यांना धरून बसायचं, म्हणून बोल्ट ठोकावा लागायचा. सॉल्व्हंट, ब्रश, चिंधी, असं करत पितळी रंगाची घाण येणं थांबेपर्यंत.

त्यानंतर चेंबर कोरडं. गोळी झाडण्याआधी चेंबरला तेल राहू नये. कोरडं पितळ चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं आणि धक्क्याचा काही भाग तिथे जिरतो. तेल असलं की ते सरकतं आणि सगळा जोर बोल्टवर येतो. ली-एन्फील्डचे बोल्टचे कुलूप मागे असतात, त्यामुळे हिच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. काडतुसांनाही तेल लावायचं नाही.

चेंबर साफ झाल्यावरच मोजमाप घेतलं, आधी घेतलं असतं तर पुटांमुळे खोटं आलं असतं. हे काम परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे केलं. .३०३ च्या काडतुसाला बुडाला कड असते आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि ती कड टेकते ती जागा ह्यांतलं अंतर, त्या कडेवर मोजतात. .०६४ इंचाच्या गेजवर (मोजायच्या ठोकळ्यावर) बोल्ट बंद झाला, .०७४ च्या गेजवर झाला नाही. असंच व्हायला हवं.

उरलेल्या केएफ काडतुसांबद्दल माझा सल्ला होता की ती जपून ठेवावीत, वापरू नयेत. गंज हे एक कारण. दुसरं म्हणजे इतक्या जुन्या टोप्या कधी उशिरा पेटतात: चाप ओढला, काही झालं नाही, आणि क्षणभरानं बार. असं झालं तर नळी निशाणाकडेच धरून थांबायचं, लगेच बोल्ट उघडायचा नाही. नव्या, गंज न आणणाऱ्या टोपीची .३०३ काडतुसं तिथे मिळतात, पितळ फेरवापरता येतं. त्यानं कापडी पट्टा आणि दहा काडतुसं संग्रहात ठेवली, बाकीची अजून त्याच्याकडेच आहेत. ती झाडायची असतील तर त्याच दिवशी, मैदानावरून परत आल्या आल्या उकळतं पाणी. ह्याला त्यानं होकार दिला आहे.

काय उघडलं नाही

नळी रिसीव्हरमधून सोडवली नाही. पुढचा आणि मागचा साइट खिळ्यांसह जागेवर राहिला. एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) काम करत होता म्हणून त्याला हात लावला नाही. सीअर (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) आणि त्याची स्प्रिंग फक्त पुसली. मॅगझिनचे ओठ वाकवले नाहीत. काडतुसं नीट चढत होती. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर ती एकमेकांत अडकतात. हे त्याला एनसीसीत कधी शिकवलं नव्हतं, कारण डीपी रायफलीत काडतूस घालायचंच नसायचं.

लांब दस्ता शेवटी बसवला, योग्य क्रमानं. जुना ‘एस’ दस्ता तेल लावून, सुती कापडात गुंडाळून ठेवला आहे. रायफल विकायची वेळ आली तर दोन्ही बरोबर जातील असं त्यानं वहीत लिहिलं.

ठेवायची जागा बदलली. आधी ती स्पंजच्या अस्तराच्या पेटीत असे. तो स्पंज दमट हवा धरून ठेवतो. आता ती पोलादी कपाटात, उभी, नळीचं तोंड उघडं, आत ओलावा शोषणारी पुडकी. ती पुडकी भट्टीत तापवून परत वापरता येतात. उन्हाळ्यात दर महिन्याला चिंधी घालून बघायची, हिवाळ्यात दोन महिन्यांनी. पहिल्या महिन्यात चिंधीवर नळीच्या मध्यभागाजवळून फिकट तांबूस रेघ आली. खड्ड्यांच्या तळाशी थोडं मीठ राहिलं असावं. परत किटली, परत तेल. त्यानंतरची चिंधी काळपट आली, तांबूस नाही.

डाव्या कोपऱ्याचा फोरएंड सध्या गनस्मिथकडे आहे. तो येईपर्यंत रायफलीतून एकही गोळी झाडायची नाही.